सुपरमॅनला उडता येत नव्हते, आणि रुक्मिणीने पत्र लिहिले नव्हते

१/
१९३८ साली अमेरिकेत ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला, तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो लांब उडी मारीत असे. एका उडीत एक अष्टमांश मैल. त्याचे उडणे नंतरच्या काळातले, रेडिओ आणि व्यंगचित्रपट यांच्या जमान्यातले. १९८६ मध्ये तर त्याची जन्मकथाच नव्याने लिहिली गेली. तेव्हापासून वाचकांत एक वाद धुमसतो आहे : दीर्घकाळ चालणाऱ्या नायकाने बदलावे की नाही?

२/
मराठी मुलांना हा प्रश्न ‘इंद्रजाल कॉमिक्स’मुळे नकळत भेटला. १९६४ पासून निघालेल्या या मालिकेत वेताळाचा देश मूळचा ‘बंगाला’ राहिला नाही, तो ‘डेंकाली’ झाला. भारतीय वाचकाला बंगालची आठवण होऊन घोटाळा होऊ नये, म्हणून. नायक तोच, मुखवटा तोच, नकाशा मात्र बदललेला. त्याविषयी कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

३/
परंतु हा वाद अमेरिकेचाही नाही आणि विसाव्या शतकाचाही नाही. वऱ्हाडात तो सातशे वर्षांपूर्वी घडून गेला आहे. त्याची नायिका रुक्मिणी, नायक श्रीकृष्ण. आणि त्याची रंगभूमी आजच्या अमरावती जिल्ह्यातील दोन गावे : वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर आणि महानुभाव पंथाचे रिद्धपूर.

४/
आधी मूळ कथा. विदर्भाचा राजा भीष्मक, त्याची राजधानी कुंडिनपूर. कन्या रुक्मिणी हिचे मन कृष्णावर. भाऊ रुक्मी मात्र तिचा विवाह चेदिराज शिशुपालाशी ठरवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी कृष्ण येतो आणि देवळातून परतणाऱ्या वधूला रथात घेऊन जातो. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पण ‘सर्वांना ठाऊक’ असलेली कथा नेमकी कोणत्या ग्रंथातली, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

५/
हरिवंशात रुक्मिणी इंद्राणीच्या पूजेला बाहेर पडते आणि कृष्ण तिला पाहून हरण करतो. तिथे पत्र नाही. रुक्मिणी सुंदर आहे, वांछित आहे, परंतु घटना तिच्या बाबतीत घडते; ती स्वतः काही घडवून आणत नाही.

६/
भागवताच्या दशम स्कंधात चित्र पालटते. इथे रुक्मिणी एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडते, आणि तो निरोप म्हणजे निव्वळ विरहाचे गाऱ्हाणे नव्हे. त्यात योजना आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा असते, वधूला नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनास जावे लागते, तिथून मला घेऊन चल. म्हणजे अंतःपुरात शिरून माझ्या आप्तांना मारावे लागणार नाही. वेळ तिने ठरवली, जागा तिने निवडली, रक्तपात टाळण्याचा मार्गही तिनेच सांगितला. कृष्ण केवळ रथ घेऊन येतो. (पुढे मराठी परंपरेने त्या अनामिक ब्राह्मणाला सुदेव हे नावही देऊन टाकले.)

७/
आज रुक्मिणी म्हटले की पहिल्याने पत्रच आठवते. म्हणजे जिला आपण ‘खरी’ रुक्मिणी समजतो, ती मुळात एक सुधारित आवृत्ती आहे. जुन्या कथेला काटेकोरपणे चिकटून राहण्याचा आग्रह भागवतकारांनी धरला असता, तर हे पत्र कोणी वाचलेच नसते.

८/
देवळाचेही असेच. हरिवंशातली इंद्राणी भागवतात अंबिका झाली आणि अमरावतीकरांनी ती अंबिका म्हणजे आपली अंबादेवी, असे ठरवले. कौंडिण्यपूर आणि अमरावती यांत सुमारे चाळीस किलोमीटरचे अंतर; नवरीने इतक्या दूर दर्शनाला जावे का, असे विचारले तर भुयाराची दंतकथा तयारच आहे. पराभूत रुक्मी लाजेने राजधानीला परतला नाही, त्याने भोजकट वसवले. ते म्हणजे भातकुली, असेही मानले जाते. ‘भोजकट’ हे नाव प्रवरसेन वाकाटकाच्या चम्मक ताम्रपटात प्रत्यक्ष येते, तेव्हा निदान प्रदेशाचे नाव तरी कल्पनेतले नाही.

९/
आता रिद्धपूर. तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू या गावी राहत. त्यांचे वागणे लहान मुलासारखे, लहरी; भक्त त्यातच ईश्वर पाहत. एकदा त्यांच्या विवाहाचा लटका सोहळा मांडला गेला. लग्न म्हटले की गाणी हवीत. ती गाण्याची जबाबदारी महदाइसेवर, म्हणजेच महदंबेवर, आली. तिने वराची गीते, ‘धवळे’, रचली आणि विषय घेतला कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा.

१०/
मराठीतील आद्य कवयित्रीची ही रचना १२८७ च्या सुमाराची मानतात. संस्कृतातली राजकन्या इथे पहिल्यांदा बायकांच्या गळ्यातल्या लग्नगीतात आली. ग्रंथातली कथा अंगणात उतरली. महदंबेने पुढे हाच विषय ‘मातृकी रुक्मिणी स्वयंवर’ या नावाने, वर्णमालेच्या क्रमाने पुन्हा बांधला. एकाच कवयित्रीने एकाच नायिकेच्या दोन निराळ्या घडणी केल्या.

११/
शीर्षकातला शब्द पाहण्यासारखा आहे : स्वयंवर. भागवतात स्वयंवराचा मंडप नाही, माळ नाही, जमलेल्या राजांतून निवड नाही. तिथला विवाह राक्षस विधीचा, म्हणजे उचलून नेण्याचा. तरीही महदंबा, तिच्यानंतर नरेंद्र, आणि तीन शतकांनी एकनाथ, सारे ‘स्वयंवर’च म्हणतात. सतराव्या शतकातल्या सामराजाने ‘हरण’ हा शब्द ठेवला. पण लोकांच्या तोंडी राहिले ते स्वयंवर. पत्र लिहून जिने स्वतः वर निवडला, तिच्या लग्नाला दुसरे काय म्हणायचे, असा हा मराठी निवाडा दिसतो. तो अधिक न्याय्य आहे.

१२/
नरेंद्राची गोष्ट आणखी बोलकी. पंथाची परंपरा सांगते की त्याचे काव्य ऐकून देवगिरीचा रामदेवराव यादव मोहून गेला. ओवीमागे सोन्याचे नाणे देतो, काव्य माझ्या नावावर कर, असे राजा म्हणाला. नरेंद्राने नकार दिला, आठवणीत राहिलेल्या सुमारे नऊशे ओव्या घेऊन तो निघाला आणि महानुभाव झाला.

१३/
याच्या शेजारी दुसरा व्यवहार ठेवून पाहावा. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर या तरुणांनी १९३८ मध्ये त्याचे सर्व हक्क १३० डॉलरला विकले आणि पुढचे आयुष्य ते परत मिळवण्याच्या झगड्यात घालवले. नायक बदलावा की नाही, या प्रश्नाच्या पोटात एक दुसराच प्रश्न दडलेला असतो : बदलण्याचा अधिकार कोणाकडे? कवीकडे, राजाकडे, कंपनीकडे, की ऐकणाऱ्यांकडे?

१४/
ऐकणाऱ्यांनी तो अधिकार बजावल्याचे उदाहरणही याच पंथात आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपाळवध’ रचला. कथा तीच, पण कृष्ण-रुक्मिणीचा प्रणय, रुसवा, शृंगार यांनी भरलेली. पंथातल्या एका ज्येष्ठाने ग्रंथ वाचून अभिप्राय दिला, तो असा की काव्य उत्तम साधले आहे, मात्र संसार सोडलेल्यांच्या उपयोगाचे नाही. भास्करभट्टांनी मनावर घेतले आणि पुढे ‘उद्धवगीता’ लिहिली, वैराग्याची.

१५/
आजच्या भाषेत हा ‘चाहत्यांचा विरोध’ झाला. फरक एवढाच की त्यात शिवीगाळ नव्हती आणि लेखकाने आधीचे पुस्तक फाडून टाकले नाही. दोन्ही ग्रंथ टिकले. आज रसिक कोणता ग्रंथ अधिक प्रेमाने उघडतो, हे सांगण्याची गरज नाही. पंथाच्या त्या ज्येष्ठाला ते रुचले नसते.

१६/
बदलाविरुद्धची सर्वांत कडेकोट तटबंदीही रिद्धपूरच्याच परंपरेने उभारली. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी साक्षीदारांना गाठून, पुन्हापुन्हा विचारून गोळा केल्या आणि रिद्धपूरच्या वाजेश्वरीत ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे सैन्याच्या धाडीत मूळ प्रत गेली, असे परंपरा सांगते. अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. साहजिकच पाठ निराळे झाले. त्यांनी काय केले? एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसले नाहीत. एकाच प्रसंगाची वेगवेगळी निवेदने ‘वासना’ म्हणून शेजारी शेजारी नोंदवली. पाठभेदांविषयी इतका प्रामाणिकपणा कॉमिक्सच्या कोणत्याही कंपनीने दाखवलेला नाही.

१७/
मग आली सकळ लिपी. अक्षरांची अदलाबदल करून तयार केलेली ही सांकेतिक लिपी, किल्ली पंथीयांपाशी. हेतू स्पष्ट होता : परक्या हाताने ग्रंथात फेरफार होऊ नये. हेतू साधलाही. परंतु किंमत मोठी पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींनी ती लिपी सर्वांसमोर उलगडेपर्यंत महदंबा, नरेंद्र, भास्करभट्ट ही नावे पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला जवळपास अपरिचित होती. शब्द जसाच्या तसा राहिला, वाचक मात्र सुटला. यवतमाळचे य. खु. देशपांडे, मलकापूरजवळच्या नरवेलचे वि. भि. कोलते अशा वैदर्भीय संशोधकांनी पुढे आयुष्ये वेचून हे धन बाहेर काढले.

१८/
एकनाथांनी नेमका उलटा मार्ग धरला. १५७१ मध्ये काशीत पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त रुक्मिणी जीव आहे, कृष्ण परमात्मा आहे, आणि लग्न मात्र अस्सल मराठी आहे, मानपान, विहिणी, थट्टा यांसह. कुंडिनपुरात पैठणचा मांडव! इतिहासाच्या कसोटीवर हे चूक, पण म्हणूनच हा ग्रंथ घराघरांत गेला. लग्न जुळावे म्हणून मुलींनी त्याची पारायणे करण्याची चाल पडली. महदंबेच्या धवळ्यांना जे भाग्य उघडपणे लाभले नाही, ते या पोथीला लाभले.

१९/
नंतरचा प्रवास झपाट्याचा. १९१६ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत स्वयंवर’ आले; भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व. विदर्भाच्या राजकन्येने एका पुरुषाच्या गळ्यातून गायले आणि महाराष्ट्रातल्या स्त्रिया तिच्या लुगड्याची, केशभूषेची नक्कल करू लागल्या. पुढे ‘अमर चित्र कथे’च्या चौकटीतही ती आली. शब्द फुग्यात बसतील एवढे झाले, रथ मात्र तेवढाच वेगवान राहिला.

२०/
आणि कथा पूर्वेलाही पळाली. अरुणाचल प्रदेशात रोइंगजवळ भीष्मकनगर आहे. इदू मिश्मी समाजात रुक्मिणी आपलीच, अशी श्रद्धा आहे. भागवतात कृष्ण पराभूत रुक्मीचे केस भादरून त्याला सोडतो. मिश्मींच्या विशिष्ट केशकर्तनाचा संबंध तिथली दंतकथा त्याच शिक्षेशी जोडते. वऱ्हाडी वाचकाला हे ऐकून राग येण्याचे कारण नाही. भुयार खणताना आपणही कोणाची परवानगी घेतली नव्हती.

२१/
इतक्या आवृत्त्यांत काय काय बदलले? देवी बदलली, देऊळ बदलले, दूताला नाव मिळाले, विवाहाचा प्रकार बदलला, लुगडे बदलले, भाषा तर कित्येकदा. एकदा आलेले पत्र मात्र मराठीने पुन्हा काढून टाकले नाही. सुपरमॅनचे उडणेही असेच : एकदा मिळाल्यावर त्याला पुन्हा उड्या मारायला लावणे कोणाला जमणार नाही. नायकात कोणता बदल मुरतो आणि कोणता गळून पडतो, हे लेखकाच्या टेबलावर ठरत नाही. त्याला दोन-तीन पिढ्या लागतात. १९९२ मध्ये सुपरमॅनला गाजावाजा करून मारले गेले. पुढच्याच वर्षी तो परतला. तो बदल कोणाच्याही मनात मुरला नव्हता.

२२/
आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आहे. आणि कौंडिण्यपूरहून दरवर्षी आषाढीसाठी रुक्मिणीमातेची पालखी पायी पंढरपूरला जाते. ही वारी १५९४ पासूनची सांगतात. माहेरहून निघालेली ही पालखी जिथे पोहोचते, तिथे कथेची आणखी एक आवृत्ती तिची वाट पाहत असते. त्या आवृत्तीत रुक्मिणी कृष्णावर रुसून द्वारकेतून दिंडीरवनात निघून आली आहे, तो तिला शोधीत मागोमाग आला आहे. आणि पंढरपुरात तिचे देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून अजूनही वेगळेच आहे.