पद्मिनी घ्यायचीय? आधी कागद बघा

जुनी, देखणी, खिशाला परवडणारी आणि रोज चालवता येईल अशी गाडी कुठली, असं कुणी विचारलं की मी एकच नाव सांगतो. प्रीमियर पद्मिनी!

मूळची इटलीची फियाट 1100. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्यात बनवली, सत्तरच्या दशकात नाव पडलं पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती वर्षानुवर्षं राबवली ती शोभेसाठी नव्हे. बॉनेट उघडलं की सगळं हाताला येतं, जुना फिटर रस्त्यातच चालू करून देतो. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर थांबली, तीही टॅक्सीची 20 वर्षांची मुदत संपली म्हणून.

खासगी गाडीला आपल्याकडे ती मुदत नाही. 15 वर्षांनंतर पासिंग करून दर पाच वर्षांनी आरसी वाढवायची, पर्यावरण कर भरायचा. पण रोज चालवायची असेल तर 'व्हिंटेज' नोंदणीच्या मोहात पडू नका. 2021 च्या केंद्रीय नियमाने पन्नाशी ओलांडलेली गाडी तशी नोंदवता येते, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, आणि मग तीच गाडी रोजच्या वापराला बंद! प्रदर्शन, रॅली एवढंच. जुनी गाडी म्हणजे शोभेची वस्तू, असं धरून केलेला हा नियम मला तरी पटत नाही.

बघायला जाल तेव्हा रंगावर भाळू नका. मॅट उचलून खालचा पत्रा बघा. इंजिन बांधून मिळतं, सडलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.