निरपराधांसाठी उचललेले शस्त्र

सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका विद्यापीठात डॉमिनिकन संघाचे फादर फ्रान्सिस्को दि व्हितोरिया ईश्वरविद्या शिकवीत. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची भूमी स्पेनने घेतली ती कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न त्यांनी १५३९ मधील व्याख्यानांत उघडपणे मांडला. सम्राट साऱ्या जगाचा धनी नव्हे, पोपमहोदयांनाही परक्यांची राज्ये दान करता येत नाहीत, आणि सुवार्ता नाकारली एवढ्याच कारणास्तव कोणावर युद्ध लादता येत नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. एक वाट मात्र त्यांनी मोकळी ठेवली. नरबळीसारख्या क्रौर्यातून निरपराधांना सोडविण्यासाठी परक्या राजालाही शस्त्र उचलता येईल.

पुढे १५५०-५१ मध्ये व्हायादोलिद येथील वादसभेत सेपुल्वेदा या पंडिताने जेत्यांच्या समर्थनार्थ हेच कारण पुढे केले. त्याला उत्तर दिले बिशप लास कासास यांनी. नरबळी थांबविण्यासाठी केलेल्या युद्धात बळींहून कितीतरी अधिक निरपराध मरत असतील, तर वाचविले कोणाला, असा त्यांचा सवाल होता. व्हितोरियांनी घातलेली एक अटही जेत्यांना सोयीची नव्हती. कारण संपले की युद्ध थांबले पाहिजे, आणि त्या निमित्ताने भूमी वा संपत्ती बळकावता कामा नये!

ही अट आपल्या देशालाही लावून पाहावी. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभली. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले, युद्ध पेटले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. दरम्यान, ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदी आणि सैन्यमाघारीचा ठराव केला होता. बहुतेक जगाला सीमेचे पावित्र्य अधिक मोलाचे वाटले.

आपले हेतू सर्वस्वी निर्मळ होते, असे मी म्हणणार नाही. शत्रूराष्ट्र दुभंगावे ही इच्छा दिल्लीत कोणाच्याच मनात नसेल, हे कसे मानावे? परंतु स्पेन मेक्सिकोत तीनशे वर्षे राहिला. ढाक्यात १२ मार्च १९७२ रोजी भारतीय सेनेचे निरोपाचे संचलन झाले, शरणागतीनंतर तीन महिन्यांच्या आत. व्हितोरियांची अट येथे पाळली गेली. लास कासास यांचा सवाल मात्र वेगळ्या रूपाने उरतो. मार्च ते डिसेंबर या काळात जे मारले गेले, त्यांच्यासाठी ही सेना फार उशिरा पोहोचली होती.