खोडकिडा आणि धसकटांचा दंगा

मंडळी, भाताची पळींज पाहिलीत का कधी? सगळं शेत पोटरीतून बाहेर पडत असतं आणि मधूनच एखादी लोंबी पांढरीफटक, ताठ उभी. आत दाणाच नाही! हलकेच ओढली तरी हातात येते, कारण खोडकिड्याच्या अळीने ती आतून कुरतडलेली असते. या किडीचा पतंग मात्र अगदी गरीब दिसतो. मादी पिवळी, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका.

याच पतंगापायी १८८० साली जपानमधले शेतकरी खवळले होते. क्युशू बेटावर चिकुगो नावाचा भाग आहे. तिथल्या मासुदा सोहेई यांनी या किडीचा बारकाईने अभ्यास केला. कापणी झाली की अळी बुडख्यात शिरते आणि सगळी थंडी तिथेच काढते. तेव्हा धसकटंच खणून काढा, असं त्यांचं म्हणणं. शास्त्र म्हणून चोख! पण सरकारने त्याची सक्ती केली आणि घोडं अडलं. भातानंतर त्याच जमिनीत गहू-जव पेरायची घाई असायची. त्यात एकेक चूड खणत कोण बसणार आणि ती मजुरी कोण देणार? त्यावरून जो दंगा झाला तो धसकटांच्याच नावाने ओळखला जातो. मला विचाराल तर त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण त्यांचा हिशेबही खोटा नव्हता.

पुढे १८९६ मध्ये कीडनियंत्रणाचा कायदाच झाला. मग शाळेतली मुलंसुद्धा पानांवरचे अंडीपुंज गोळा करायला शेतात उतरवली गेली. (मास्तरांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मला सुटत नाही. मुलांची नजर तीक्ष्ण असते हे खरं, पण बुडालेल्या तासांचं काय?) युद्धानंतर पॅराथिऑन आलं. त्याने कीड मेली, तशी माणसंही दगावली. १९७१ मध्ये त्याचा वापर बंद झाला. तोवर लावणीचे हंगामही बदलले होते. जपानच्या मुख्य बेटांवरून हा पिवळा खोडकिडा जवळजवळ नाहीसाच झाला.

आपल्या कोकणात तो आहेच. भात जमिनीलगत कापा, नांगरून धसकटं वेचा, असं कृषी खातं आजही सांगतं. आणि आपल्याकडेही भात निघालं की ओल उडायच्या आत वाल टोचायची घाई असते.