कंपाउंडरच्या खिडकीतून मेडिकलच्या काउंटरवर

वैद्याने औषधांची विक्री करू नये आणि विक्रेत्याने वैद्यकी करू नये, असा दंडक तेराव्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने घातला. इंग्लंडात मात्र औषधविक्रेतेच रोगी तपासू लागले. १७०४ मध्ये विल्यम रोझ नावाच्या विक्रेत्याच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने कौल दिला आणि पुढे त्या वर्गातूनच तिथला फॅमिली डॉक्टर घडत गेला. ज्या डॉक्टरचा भार औषधाच्या दुकानाने हलका करावा असे आज म्हटले जाते, तो तिकडे मुळात दुकानातूनच बाहेर पडला आहे!

आपण ठाणे-कल्याणकडे वळलो, की वाट उलटी दिसते. इथे वैद्य काढे आणि मात्रा स्वतःच करून देत. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, १८५३ मध्ये आगगाडी ठाण्यापर्यंत आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आली. १८७२ मध्ये पनवेलला धूतपापेश्वर या औषध कंपनीची स्थापना झाली आणि आयुर्वेदाची औषधेही तयार मिळू लागली. नवे डॉक्टर आले तरी औषध दवाखान्यातच मिळे. घरून आणलेल्या बाटलीत कंपाउंडर मिक्श्चर भरी, तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवी, पुड्या बांधी. ताप उतरला का, पथ्य काय, ही विचारपूसही पुष्कळदा त्याच्याच खिडकीशी होई. आजच्या मेडिकलवाल्याचा खरा पूर्वज हा कंपाउंडरच, पण त्याचा इतिहास कोणी मन लावून लिहिलेला नाही.

औषधांच्या चौकशीसाठी नेमलेल्या १९३०-३१ च्या चोप्रा समितीनंतर १९४० चा औषध कायदा आला. १९४८ च्या फार्मसी कायद्याने फार्मासिस्टला स्वतःची नोंदणी आणि ओळख दिली. १९७० च्या पेटंट कायद्यानंतर देशी कंपन्यांच्या गोळ्या स्वस्त झाल्या आणि मिक्श्चरच्या बाटल्या हळूहळू हद्दपार झाल्या. १९८२ मध्ये ठाण्याला आणि १९८३ मध्ये कल्याणला महापालिका आली, तोवर वस्ती फुगू लागली होती. इमारतींच्या तळमजल्यांवर मेडिकल उघडत गेली. कंपाउंडरची खिडकी अशी रस्त्यावर आली, पण तिच्या मागचा डॉक्टर दवाखान्यातच राहिला. उशिराच्या लोकलने परतणारा माणूस सर्दी-तापासाठी तिथेच ‘काहीतरी द्या’ म्हणू लागला, आणि त्या काहीतरीत चिठ्ठीविना प्रतिजैविकेही जाऊ लागली.

महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना फार्मासिस्ट नसलेल्या दुकानांवर बडगा उगारला गेला. विक्रेत्यांनी बंद पुकारले. १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविकांसह एच-१ अनुसूचीतल्या औषधांसाठी रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत उतरवणे बंधनकारक झाले. २०१५ च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हेही फार्मासिस्टचे काम ठरवले. गर्दीच्या वेळी ते किती होते, हे ज्याने त्याने आपल्या मेडिकलपुरते पाहावे.

इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून फार्मासिस्ट ठरलेल्या सात दुखण्यांवर स्वतः औषध देतो आणि त्याची खबर डॉक्टरला पोचते. आपल्याकडचा मेडिकलवाला डॉक्टरचा भार केव्हापासून वाहतो आहे, पण त्याने काय दिले हे डॉक्टरला कळत नाही. क्षयाच्या औषधांपुरते मात्र २०१८ पासून विक्रेत्याला सरकारी यंत्रणेला कळवावे लागते.