बिनपगारी उमेदवार

कलाशाखेच्या पहिल्या वर्षात नुकतेच पाऊल टाकलेले विद्यार्थी कायद्याच्या पेढ्यांकडे आणि वित्तसंस्थांकडे सुटीतल्या कामासाठी अर्ज धाडू लागले, की इतिहास किंवा तत्त्वज्ञान वाचणाऱ्या मुलाचे हिशेबाशी आणि दाव्यांशी काय काम, असा प्रश्न वडीलधारी मंडळी हटकून विचारतात. वस्तुतः या दोन दारांशी ताटकळत बसणे हा आमच्याकडील विद्याव्यासंगी तरुणांचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला क्रम आहे; अर्जाचा कागद तेवढा बदलला.

पेशवाईच्या ऐन भरात पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेंहून अधिक कारकून राबत असत. चालते दफ्तर फडणिसांच्या नजरेखाली रोजचा व्यवहार सांभाळी, आणि एक बेरीज दफ्तर नाना खात्यांचे हिशेब वर्गवार लावून सालाचा जमाखर्च, म्हणजेच तर्जुमा, सिद्ध करी. कारकुनी, कुलकर्ण, फडणिशी ही कामे बहुधा घराण्यांतूनच चालत. ज्याचा चुलता किंवा मामा बैठकीवर असे, त्या पोरास बैठकीच्या टोकाशी जागा मिळे. आधी बोरू तासावयास शिकावे, मग कागदावर आडवी रेघ ओढून तिला लोंबती मोडी अक्षरे हात न उचलता काढीत जावे, जुन्या यादींच्या नकला कराव्यात, रुमाल सोडावेत आणि पुन्हा बांधावेत, अशा रीतीने वळण बसेपर्यंत दिवस काढावे लागत. आणि या दिवसांत घरचे अन्न खाण्याची ऐपत ज्याला नसे, त्याची विद्या कितीही तेजस्वी असली तरी फडाच्या उंबरठ्याबाहेरच राही.

रामशास्त्री प्रभुणे यांची आख्यायिका मला आणखी एका कारणाने अर्थपूर्ण वाटते. साताऱ्याच्या सावकाराच्या पदरी हलकी चाकरी करणारा हा माहुलीचा मुलगा धन्याच्या अंगावरील मोत्यांकडे पाहत राहिला, त्याबद्दल टोमणा ऐकून काशीस गेला, आणि शास्त्राध्ययन करून परतल्यावर १७५९ मध्ये पेशव्यांचा न्यायाधीश झाला. आख्यायिकेतला तपशील कितपत खरा मानावा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण पेढीवरून न्यायासनाकडे जाणारी वाट व्याकरण आणि धर्मशास्त्र यांच्या पाठशाळेतून जाते, यात सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना काहीही नवल वाटले नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

१८१८ मध्ये पेशव्यांचे राज्य गेले, तरी इंग्रज कारभारी एल्फिन्स्टनने मुलकी कारभाराची जुनी घडी एकदम विसकटू दिली नाही, आणि कचेरीबरोबर उमेदवारही नव्या अमदानीत आला. मामलेदाराच्या कचेरीत शिरस्तेदाराची मर्जी राखून, बिनपगारी नकला उतरवून, एखादा कारकून रजेवर गेला तर त्याच्या जागी बदली बसून, कायम जागेची वाट पाहणाऱ्यांची एक निराळीच जात निर्माण झाली. साहेबाचे शिफारसपत्र हे त्या जातीचे दैवत! वकिलीकरिता १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने सनदेची व्यवस्था घालून दिली होती. पुढे परीक्षा आल्या, आणि परीक्षा आली म्हणजे वशिला गेला, अशी भाबडी समजूतही तिच्याबरोबर आली.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, आणि १८६२ मध्ये त्याची पहिली बी. ए. परीक्षा चौघे जण उत्तीर्ण झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांपैकी भांडारकर व मोडक अध्यापनाकडे वळले, रानडे व वागळे कायद्याकडे. म्हणजे पहिल्याच तुकडीचा निम्मा भाग न्यायालयाच्या पायऱ्या चढला. संस्कृताचे गाढे अभ्यासक काशिनाथ त्र्यंबक तेलंग त्यांच्यामागून गेले आणि १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. आधी कलाशाखेची पदवी आणि मग कायदा, ही त्या काळी वाकडी वाट नव्हती. तोच हमरस्ता होता.

पदवी किंवा बॅरिस्टरी मिळाली म्हणून ताटकळणे मात्र चुकले नाही. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईस हायकोर्टात जाऊन बसत आणि तेथे डुलक्या घेत, हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. अखेर पंचाहत्तर रुपयांच्या शिक्षकाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला, तर पदवीधर नाहीत म्हणून शाळेने नकार दिला. सॉलिसिटरच्या कचेरीत शिरू पाहणाऱ्याने कित्येक वर्षांचा लेखी करार करून पडेल ते काम करावे, असा इंग्लंडचा दंडक होता. तेथे १७२९ च्या कायद्याने अशी पाच वर्षे ठरवली होती. मुंबईने तो दंडक पत्करला, आणि दस्त तपासणे, प्रती जुळवणे, कोर्टाच्या कचेऱ्यांतून हेलपाटे घालणे हा आर्टिकल्ड क्लार्कचा नित्यक्रम बनला. हिशेबतपासनिसांच्या धंद्यातही तीच परंपरा रुजली. १९१३ च्या कंपनी कायद्याने तपासनिसाची पात्रता ठरवली, १९४९ मध्ये चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था झाली. परंतु शिकाऊ मुलाने मालकास उलट अधिमूल्य मोजावयाचे, ही चाल काही काळ टिकलीच. म्हणजे पेशव्यांचा उमेदवार निदान फुकट राबत होता. याला राबण्याचा हक्क विकत घ्यावा लागे.

आणि ज्याला विकत घेऊनही तो मिळणे नव्हते, त्याचे काय? भीमराव आंबेडकरांनी १९१२ मध्ये मुंबईची बी. ए. पदवी घेतली, १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर व अर्थव्यवस्थेवर एम. ए. साठी प्रबंध लिहिला, आणि १९१७ मध्ये ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. राज्याच्या अर्थकारणाची इतकी तयारी करून आलेला माणूस त्या कचेरीत क्वचितच दिसला असेल. तेथे शिपाई विटाळ होईल म्हणून त्यांच्या मेजावर कागद लांबून फेकीत, आणि राहण्यास दुसरी जागा न मिळाल्याने ज्या पारशी धर्मशाळेचा त्यांनी आश्रय घेतला होता, तेथून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर पडावयास लावले. उमेदवारीचा इतिहास सांगताना शिरस्तेदाराच्या गमती आवडीने सांगितल्या जातात. हे पान बहुधा वगळले जाते.

पुढे पाच वर्षांचे एकत्रित अभ्यासक्रम निघाले आणि कायद्याचा विद्यार्थी बारावीनंतरच त्या वाटेला लागला. साहजिकच कलाशाखेतला मुलगा तेथे परका ठरू लागला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवड्यांचे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवड्यांचे प्रत्यक्ष काम सक्तीचे केले, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही अशीही मर्यादा घातली. हे आठवडे मोठ्या काटेकोरपणे मोजले आहेत. त्या आठवड्यांत मुलाने मुंबईत कोणाच्या घरी उतरावे आणि कोणाच्या पैशाने जेवावे, हे मात्र नियमांत कोठे आढळत नाही.