ठाकूर, शार्दूल नरेंद्र
(१६ ऑक्टोबर १९९१ – ). भारताचे उजव्या हाताचे मध्यम जलदगती गोलंदाज आणि खालच्या क्रमांकावरील आक्रमक फलंदाज. जन्म पालघर येथे, शेतकरी कुटुंबात.

त्या काळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते आणि लोकल विरारपर्यंतच धावत असे. ती डहाणूला पोहोचली २०१३ मध्ये. मुंबईत सामना असला, की ठाकूर पहाटेच किट बॅग घेऊन गाडी पकडत. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद आंतरराष्ट्रीय शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्यांना आपल्या शाळेत आणले आणि प्रवासाचा प्रश्न सुटावा म्हणून स्वतःच्या घरी ठेवून घेतले. रोहित शर्मा हेही लाड यांचेच शिष्य. ठाकूर यांच्या जडणघडणीत या आधाराचे मोल फार मोठे आहे. शाळेकडून खेळताना हॅरिस शील्ड स्पर्धेत त्यांनी एका षटकात सहा षटकार मारले होते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये राजस्थानविरुद्ध जयपूरला त्यांनी मुंबईकडून रणजी पदार्पण केले. सुरुवात फिकी होती. मात्र २०१४-१५ च्या मोसमात १० सामन्यांत २०.८१ च्या सरासरीने ४८ बळी मिळाले, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात सौराष्ट्रविरुद्धच्या अंतिम सामन्यात ८ बळी घेऊन त्यांनी मुंबईच्या ४१ व्या रणजी विजेतेपदाला मोठा हातभार लावला.

ऑगस्ट २०१७ मध्ये श्रीलंकेविरुद्ध कोलंबो येथे ते पहिला एकदिवसीय सामना खेळले. २०१८ चा दक्षिण आफ्रिका दौरा आटोपून परतल्यावर विमानतळावरून ते अंधेरीला गेले आणि नेहमीसारखी लोकल धरून पालघरला पोहोचले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण झाले, पण जांघेच्या दुखापतीमुळे अवघे १० चेंडू टाकून त्यांना मैदान सोडावे लागले.

दुसरी कसोटी मिळायला सव्वादोन वर्षे लागली. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचे प्रमुख गोलंदाज जायबंदी असताना त्यांनी सामन्यात ७ बळी घेतले. पहिल्या डावात भारत ६ बाद १८६ असा अडचणीत होता, तेव्हा वॉशिंग्टन सुंदर यांच्यासह त्यांनी १२३ धावांची भागीदारी रचली; त्यांत ठाकूर यांच्या ६७ धावा होत्या. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया गॅबावर प्रथमच हरला. सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडविरुद्ध ओव्हलवर त्यांनी दोन्ही डावांत अर्धशतके (५७ व ६०) केली आणि शेवटच्या दिवशी रोरी बर्न्स व जो रूट यांना बाद केले. या मैदानावर भारताला १९७१ नंतर मिळालेला हा पहिला कसोटी विजय. जानेवारी २०२२ मध्ये जोहान्सबर्गला ६१ धावांत ७ बळी ही दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारतीय गोलंदाजाची सर्वोत्तम कसोटी कामगिरी ठरली, जरी तो सामना भारताने गमावला.

त्यांच्या चेंडूला धडकी भरवणारा वेग नाही. बाहेर जाणारा स्विंग, शिवणीचा उपयोग आणि बोटांच्या पेरांत धरून टाकलेला संथ चेंडू ही त्यांची आयुधे. जमलेली जोडी फोडण्यासाठी कर्णधार त्यांच्याकडे चेंडू देतात, आणि त्यांचे खरे महत्त्व इथेच आहे.

मार्च २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर तमिळनाडूविरुद्धच्या रणजी उपांत्य सामन्यात मुंबई ७ बाद १०६ अशी कोसळली असताना त्यांनी १०९ धावा केल्या. प्रथम श्रेणीतील हे त्यांचे पहिले शतक. विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही पहिल्या डावात त्यांनी ७५ धावा काढल्या आणि मुंबईने ४२ वे विजेतेपद मिळवले. २०२५-२६ च्या रणजी मोसमासाठी मुंबईचे कर्णधारपद त्यांच्याकडे सोपवण्यात आले.