समोच्च रेषेचं माहेर

दहावीपर्यंत भूगोल शिकलेल्या कुणालाही समोच्च रेषा परक्या नाहीत. एकात एक वेढे दिसले की टेकडी, रेषा खेटून आल्या की कडा, नदी ओलांडताना रेषेचं टोक उगमाकडे वळलं की दरी. डोंगर दाखवणाऱ्या या रेषेचं माहेर मात्र नेदरलँड्समध्ये, जिथं डोंगर औषधालाही सापडायचा नाही.

आणि तेही पाण्याखाली. 1584 साली पीटर ब्रॉइन्स या मोजणीदारानं हार्लेमच्या स्पार्ने नदीच्या नकाशावर सात फूट खोलीची रेषा काढली. 1730च्या सुमारास निकोलास क्रुकियसनं मेर्वेडे नदीचा नकाशा केला, तेव्हा अशा रेषा पात्रभर पसरल्या. खोली मोजायची रीत जुनीच: होडीतून शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची, ती तळाला टेकली की वाव मोजायचे, आकडा टिपायचा, होडी पुढे. सारखे आकडे जोडले की गाळ कुठं साचला आणि धार कुठून वाहते, ते कागदावर उमटे.

हे नदीतच आधी का सुचलं असावं? डोंगर दिसतो, म्हणून नकाशे काढणारे तो वारुळासारखा चितारून मोकळे होत. तळ दिसतच नाही. तिथं मोजण्यावाचून गत्यंतर नाही. शिवाय पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे जवळपास फुकटात मिळालेली समपातळी. जमिनीवर ती धरायची तर टप्प्याटप्प्यानं उंची मोजत जावं लागतं.

डोंगरावर ही रेषा गाजली ती स्कॉटलंडच्या शिहॅलियनवर. 1774मध्ये त्या डोंगराच्या ओढीनं ओळंबा किती ढळतो ते मोजलं गेलं. त्यावरून पृथ्वीची घनता काढायची होती. हिशेब गणिती चार्ल्स हटनकडे आला. उंच्यांच्या आकड्यांच्या गर्दीतून वाट काढायला त्यानं सारख्या उंचीचे बिंदू जोडले. 1791मध्ये द्युपां-त्रिएलनं फ्रान्सचा समोच्च नकाशा छापला. तरी लष्करी नकाशांत बराच काळ उताराच्या दिशेनं ओढलेल्या बारीक रेघाच चालल्या. दिसायला देखण्या, पण नेमकी उंची विचारली की गप्प!

आपल्याकडे, समोच्च रेषा दाखवणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या रंगीत टोपोशीटांची (स्थलदर्शक नकाशांची) नवी मालिका 1905नंतरची. या रेषा रोजच्या कामातही येतात: धरण बांधताना पूर्ण संचय पातळीची समोच्च रेषा आखली की बुडीत क्षेत्र कळतं. पुराची हद्द दाखवणाऱ्या नदीकाठच्या निळ्या आणि लाल पूररेषा मात्र समोच्च नव्हेत; वाहत्या पुराला उतार असतो, म्हणून त्या नदीबरोबर खाली उतरत जातात.